सिग्लो, हेरिंग आणि आमची रापण

आइसलँडच्या नकाशात अगदी वरच्या कडेला बघितलंत तर सिग्लुफ्योर्दुर नावाचं गाव दिसेल, तिथले लोक नुसतं सिग्लो म्हणतात म्हणून मी पण पुढे सिग्लोच लिहितोय. वस्ती बाराशेच्या आसपास, आर्क्टिक सर्कल तिथून साधारण ४० किलोमीटरवर, तिन्ही बाजूंना उभे डोंगर आणि चौथ्या बाजूने आत आलेला समुद्र. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर कोरून केलेली खोल खाडी, पण आपल्या कोकणातल्या खाड्यांसारखी नाही हं, इथे गाळ नाही, खारफुटी नाही, किनाऱ्यालाच इतकं खोल पाणी की मोठं जहाज सरळ धक्क्याला येऊन लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण गावाचं सगळं नशीब त्यावरच उभं राहिलं.

माझी चुलत बहीण कोपनहेगनला असते, तिने काकांना उन्हाळ्यात बोलावून घेतलं होतं आणि मला म्हणाली तू पण ये, मग आइसलँडला जाऊ. ताईने सगळा प्लॅन काकांना डोळ्यासमोर ठेवून केला होता. काकांचं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर रापणीत, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोरीने ओढण्यात गेलं, दोरीला हात लागला तो लहानपणी आणि सुटला तो गुडघे दुखायला लागल्यावर. अशा माणसाला ब्लू लगूनच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवून काय करणार, त्यांना मासेमारीचं गाव दाखवू म्हणून तिने सिग्लो शोधून काढलं, तिथे हेरिंग या एका माशाचं अख्खं म्युझियम आहे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातलाच मासा, अंगाने जरा मोठा, तसाच चंदेरी, तसाच तेलकट आणि तसाच थव्याने फिरणारा.

आकुरेरी या उत्तरेतल्या मोठ्या शहरातून निघालो, मोठं म्हणजे तिथल्या हिशोबाने मोठं. समुद्र उजव्या हाताला ठेवून दालविकपर्यंत मस्त रस्ता आहे आणि मग बोगदे सुरू होतात. पहिला बोगदा तीन-साडेतीन किलोमीटरचा आणि एकेरी! समोरून गाडी आली तर ज्याच्या बाजूला खाच आहे त्याने खाचेत शिरून थांबायचं असा नियम, ताई शांतपणे चालवत होती आणि मी मागच्या सीटवर श्वास धरून बसलो होतो. त्यानंतर ओलाफ्सफ्योर्दुर गाव लागतं आणि त्याच्या पुढे दोन नवे बोगदे, एक सात किलोमीटरचा, दुसरा चारच्या जवळपास, हे २०१० मध्ये सुरू झाले. त्याआधी ओलाफ्सफ्योर्दुर आणि सिग्लोमधला रस्ता डोंगरावरून ६० किलोमीटरचा वळसा घालून जायचा आणि तोही हिवाळ्यात बंद, आता पंधरा-सतरा किलोमीटरमध्ये काम होतं.

या दोन बोगद्यांच्या मध्ये गाडी क्षणभर उजेडात येते ती हेदिन्सफ्योर्दुर नावाच्या दुसऱ्याच एका फ्योर्डमध्ये, आणि तिथे कोणीच राहत नाही. १९५१ मध्ये शेवटची माणसं सोडून गेली. गाडी थांबवून उतरलो, गवत, एक तळं, लांबवर समुद्र, मेंढ्या. १९४७ च्या मे महिन्यात याच फ्योर्डच्या डोंगरावर एक प्रवासी विमान आदळून २५ माणसं गेली होती, त्यांचं स्मारक आहे. काका बराच वेळ त्या रिकाम्या किनाऱ्याकडे बघत राहिले आणि मग विचारलं, हयची माणसां खंय गेली? ताई म्हणाली रस्ता नव्हता, डॉक्टर नव्हता, शाळा नव्हती, गेली. माझ्या मते सिग्लोला जाताना इथे थांबायलाच हवं, कारण सिग्लोचंही असंच होऊ शकलं असतं हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

गावाची गोष्ट अशी आहे. १९०० च्या सुमाराला सिग्लो म्हणजे शार्क पकडून त्याच्या यकृताचं तेल काढणारी छोटीशी वस्ती. १९०३ च्या उन्हाळ्यात नॉर्वेचे लोक हेरिंगच्या मागे आले, त्यांना खोल, सुरक्षित बंदर मिळालं आणि हेरिंगचे थवे अगदी दारात. मग खारवण्याचे धक्के उभे राहिले, वीसच्या वर, फिशमील म्हणजे माशाचं पीठ आणि तेल काढणाऱ्या पाच फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या, १९१८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. भरभराटीच्या काळात वस्ती तीन हजारांवर गेली आणि हे अख्ख्या देशातलं पाचव्या नंबरचं शहर होतं. उन्हाळ्यात बाहेरून येणारे कामगार आणि खलाशी वेगळेच, वादळ आलं की शेकडो बोटी फ्योर्डमध्ये आसऱ्याला यायच्या आणि गल्लीत चालायला जागा नसायची. काही काही वर्षी एकट्या सिग्लोतून गेलेली हेरिंग देशाच्या एकूण निर्यातीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त होती. फॅक्टरीच्या धुराचा वास सगळ्या गावात भरलेला असायचा आणि लोक त्याला पैशाचा वास म्हणायचे.

आता म्युझियम. पाच बिल्डिंगी आहेत पण खरं काळीज म्हणजे रोआल्ड्सब्राक्की, १९०७ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी बांधलेलं लाकडी घर, खाली ऑफिस आणि वर हेरिंग खारवणाऱ्या मुलींची राहायची सोय. आम्ही गेलो त्या दिवशी बाहेर धक्क्यावर हेरिंग खारवण्याचं प्रात्यक्षिक होतं, उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी करतात, जमलं तर तो दिवस गाठून जा. ते करणाऱ्या बायकांच्या डोक्याला रुमाल, पाणी न शिरणाऱ्या ऑइलस्किनचा लांब एप्रन, रबरी गमबूट, हातात आखूड सुरी. लाकडी लांब टेबलासारख्या खोक्यात हेरिंगचा ढीग, एक मासा उचलायचा, गळ्याजवळ सुरी घालून एका झटक्यात डोकं आणि त्याच्याबरोबर आतडं बाहेर, मासा बाजूला, दुसरा उचलायचा. मग पिंपात मासे लावायचे. पिंप कमरेएवढं उंच, त्यामुळे खालचे थर लावताना बाई कमरेत वाकून अर्धी पिंपात जाते. मासे एकमेकाला चिकटून, पोट वर करून, वर मूठमूठ मीठ, पुढचा थर आडवा, परत मीठ. एका पिंपात साधारण शंभर किलो मासा बसतो. पिंप भरलं की ती जोरात ओरडते, एक माणूस येऊन भरलेलं पिंप नेतो, रिकामं ठेवतो आणि तिच्या गमबुटात वरून एक धातूचा बिल्ला टाकतो. दिवसाच्या शेवटी बूट उलटा करायचा, जितके बिल्ले तितक्या पिंपांचे पैसे.

काका हे सगळं पुढच्या रांगेत उभे राहून बघत होते. त्यांना भाषा एक अक्षर कळत नव्हती पण सुरी कशी धरली आहे, मीठ जाडं आहे की बारीक, मासा ताजा आहे की बर्फातला, हे सगळं ते मला आपणहून सांगत होते. शेवटी त्या बाईंनी त्यांना खुणेने बोलावलं आणि हातात मासा दिला. काकांनी कल्ला उघडून आतला रंग बघितला, बोटाने पोट दाबलं आणि मान डोलावली, त्या बाई इतक्या खूश झाल्या की बस. मग अकॉर्डियन सुरू झालं आणि त्या बायका एप्रनसकट नाचायला लागल्या, पूर्वी काम संपलं की असंच नाचायचे म्हणे धक्क्यावर.

पण काम संपायचं कधी हा प्रश्न आहे. बोट आली की मासा थांबत नाही, उन्हाळ्यात रात्र नसतेच, त्यामुळे बोट रिकामी होईपर्यंत काम, कधी कधी दिवसरात्र सलग. लहान पोरं असलेल्या बायका पोरांना धक्क्यावरच कुठेतरी झोपवायच्या. हे कष्ट मी सुंदर करून सांगणार नाही, मिठाने हाताची सालं निघायची, पाठ मोडायची. तरीही या बायकांना पिंपामागे रोख पैसे मिळायचे, स्वतःच्या नावावर, आणि त्या काळात आइसलँडमधल्या शेतावर राबणाऱ्या मुलीला स्वतःचा पैसा म्हणजे काय हे सांगायला नको. गाव बायकांच्या हातांवर उभं राहिलं हे म्युझियममध्ये पहिल्या बिल्डिंगपासून शेवटच्या बिल्डिंगपर्यंत स्पष्ट दिसतं. आपल्याकडे मासळी बाजार पूर्ण बायका चालवतात, लिलावापासून सुकवणीपर्यंत, आणि त्यांच्यावर एक धड खोलीसुद्धा कुठल्या म्युझियममध्ये मी बघितलेली नाही. हे मला फार लागलं.

वरच्या मजल्यावर त्या मुलींच्या खोल्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत. एकावर एक लाकडी बंक, भिंतीला खिळे, खिळ्यांवर फ्रॉक, वाळत घातलेले मोजे, आरसा, पावडरचे डबे, नटांचे कापून चिकटवलेले फोटो, खिडकीत कपबशी. पन्नासएक मुली या घरात राहायच्या. खिडकीतून खाली धक्का दिसतो आणि पलीकडे डोंगर. ताई एका बंकच्या कडेला टेकून खूप वेळ काहीच बोलली नाही, ती पण घरापासून लांब येऊन राहिलीये ना.

दुसऱ्या बिल्डिंगीत फिशमील फॅक्टरीची मशिनरी आहे, बॉयलर, प्रेस, हे एवढाले पाइप, वेगवेगळ्या बंद पडलेल्या फॅक्टऱ्यांमधून आणून उभी केलेली. खारवण्याएवढा चांगला नसलेला मासा इकडे यायचा, शिजवून पिळायचा, तेल वेगळं, चोथा वाळवून पीठ. तेल साबणाला, कॉस्मेटिक्सला, पीठ जनावरांच्या खाद्याला आणि खताला. तिसऱ्यात तर घराच्या आत अख्खं बंदर वसवलंय, १९५० च्या दशकातलं, खऱ्या बोटी, धक्का, दिवे, बोटीवर चढून केबिनमध्ये जाता येतं. तिथे मोठी पर्ससीन जाळी, म्हणजे थव्याला गोल घेरून खालून आवळायची जाळी ठेवलेली आहे आणि काका तिथेच थांबले.

कारण पुढची गोष्ट या जाळ्याची आहे. सुरुवातीला दोन छोट्या होड्या जाळं घेऊन थव्याभोवती फिरायच्या, आणि थवा डोळ्यांनी बघायचा, पाण्यावर खळबळ दिसली, पक्षी दिसले तर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासा शोधणारं यंत्र आलं, थवा पाण्याखाली खोल असला तरी कळायला लागला. नायलॉनची मोठी जाळी आली. पॉवर ब्लॉक आला, म्हणजे माणसांऐवजी मशीन जाळं ओढणार. मासेमारी एकदम प्रचंड वाढली, काही वर्षं सगळ्यांना वाटलं सोन्याचे दिवस आले. त्याच वेळी नॉर्वेच्या किनाऱ्यावर याच हेरिंगची पिल्लं तेल-पिठासाठी पकडली जात होती. समुद्र पण त्या वर्षांत थंड झाला, मासा आणखी उत्तरेला आणि पूर्वेला सरकला, बोटी त्याच्या मागे पार आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांपर्यंत गेल्या. १९६८-६९ पर्यंत खेळ खलास. १९६७ मध्ये सिग्लोला पश्चिमेकडून बारमाही रस्त्याचा पहिला बोगदा मिळाला होता, म्हणजे रस्ता आला आणि वर्षभरात मासा गेला. देशाची निर्यात दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली, चलनाचं अवमूल्यन करावं लागलं, लोक काम शोधत स्वीडनला, अगदी ऑस्ट्रेलियाला गेले. हेरिंगचा तो साठा परत उभा राहायला वीसएक वर्षं लागली आणि सिग्लोच्या दारात तो पूर्वीसारखा काही परत आला नाही.

ताई हे सगळं बोर्डवर वाचून काकांना सांगत होती. तिचं सांगून झाल्यावर काका म्हणाले, मगे आमची रापण पण अशीच जातली काय रे?

ज्यांनी रापण बघितली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत न्यायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन रांगा करून पन्नास-पन्नास माणसं दोर ओढत जाळं वाळूवर आणतात. मासा सगळ्यांचा, त्याचे वाटे पडतात, आणि सहज येऊन दोरीला हात लावणाऱ्यालाही चार बांगडे मिळतात, ही पद्धत आहे. यात मासा शोधायला जायचं नाही, मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापण लागणार. आता बाहेर खोल पाण्यात पर्ससीन आणि रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या बोटी उभ्या असल्या तर किनाऱ्याला काय येणार? राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घालणारा आदेश काढला, एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि तरीही त्यानंतर मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली आहेत. तारली-बांगड्याचं प्रमाण निसर्गतःही वर-खाली होतं, सगळा दोष जाळ्यांना देणं बरोबर नाही, पण सिग्लोतही नेमकं हेच झालं होतं, समुद्र बदलत होता आणि त्याच वेळी माणूस आणखी जोरात ओढत होता. दोन्ही एकत्र आल्यावर मासा टिकत नाही. पर्ससीनवर काम करणारी मुलं पण आपलीच आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात हे मला माहीत आहे, सिग्लोतल्या बोटींवरची मुलंही सिग्लोचीच होती.

मासा गेल्यावर काय झालं ते पण सांगायला हवं. धक्के कुजून कोसळायला लागले, फॅक्टऱ्या भंगारात, रोआल्ड्सब्राक्की रिकामं. पण गावातल्या काही लोकांना ते बघवेना. १९८९ मध्ये त्यांनी म्युझियमसाठी मंडळ काढलं आणि पडक्या घरातून सुऱ्या, पिंपं, बिल्ले, एप्रन, हिशोबाच्या वह्या असं सगळं गोळा करत, स्वतः सुतारकाम करत ते घर उभं केलं. १९९४ मध्ये ते उघडलं आणि २००४ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम औद्योगिक म्युझियमसाठीचं मिकेलेत्ती पारितोषिक त्याला मिळालं. मला यात सगळ्यात मोठं हे वाटतं की त्यांनी आपली चूक लपवली नाही. जाळं तिथे आहे, पॉवर ब्लॉक तिथे आहे, आम्ही इतका मासा ओढला की संपला हे सरळ लिहिलेलं आहे, आपल्याच आजोबांबद्दल आहे तरी.

गावात बाकीही बघायला आहे, ते पटकन सांगतो. लोकसंगीताचं छोटं म्युझियम आहे, ब्यार्नी थोर्स्टाइन्सन नावाचे इथले पाद्री होते त्यांच्या घरात. या माणसाने गावोगावची गाणी जमवून १९०६ ते १९०९ मध्ये छापली, नाहीतर बरीचशी नाहीशीच झाली असती. तिथे जुन्या माणसांनी गायलेल्या गाण्यांचे व्हिडिओ आहेत, दोन आवाज समांतर चालणारं एक विचित्र सुंदर गाणं आहे, ते नक्की ऐका. जुलैमध्ये लोकसंगीताचा महोत्सव असतो. बंदरावर पिवळ्या, लाल, निळ्या रंगाच्या जुन्या बिल्डिंगींमध्ये आता रेस्टॉरंट आहेत, फिश सूप अप्रतिम मिळालं. जेवण महाग आहे, आइसलँडमध्ये सगळंच महाग आहे, ती तयारी ठेवून जा.

आणि डोंगराकडे बघा. गावाच्या वरच्या अंगाला गवताने झाकलेले मोठमोठे मातीचे बांध दिसतात, बागेसारखे, लोक त्यावर फिरायला जातात. ते बर्फाचे कडे कोसळले तर अडवायला आहेत. १९१९ च्या एप्रिलमध्ये समोरच्या किनाऱ्यावरची नॉर्वेजियन फॅक्टरी अख्खी बर्फाच्या लोटाखाली गेली आणि तिथे नऊ माणसं मेली, आजूबाजूची धरून अठरा. १९९५ मध्ये पश्चिमेकडच्या दोन गावांवर असेच लोट आले, चौतीस माणसं गेली, त्यानंतर देशभर हे बांध बांधायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. हिवाळ्यात डोंगरांमुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून २८ जानेवारीपर्यंत गावात सूर्य दिसत नाही. दिसतो त्या दिवशी पोरं गाणी म्हणतात आणि घरोघरी पॅनकेक करतात. आम्ही होतो तेव्हा रात्री अकराला बाहेर बसून पेपर वाचता येईल एवढा उजेड होता, काकांना झोपच लागेना, ते धक्क्यावर जाऊन बसायचे आणि तिथला कोणी ना कोणी म्हातारा शेजारी येऊन बसायचा.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, जून ते ऑगस्टमध्ये जा, आकुरेरीहून दीड तास पुरतो पण एक रात्र तरी गावात राहा, आणि म्युझियमला अर्धा दिवस द्या. हिवाळ्यात जाणार असाल तर रस्त्याची आणि बर्फाच्या धोक्याची ताजी माहिती बघितल्याशिवाय आकुरेरीतून निघू नका.

परत आल्यापासून काकांनी एक काम सुरू केलंय. त्यांच्या रापण संघातल्या जुन्या घरांमधून काय काय निघतं ते बघतायत, लाकडी बोयरे म्हणजे जाळ्याचे तरंगे, जाळं विणायच्या सुया, वाट्यांचे हिशोब लिहिलेल्या वह्या, एक-दोन फोटो. सध्या सगळं आमच्या पडवीत आहे. मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून, कोणाची, कुठल्या वर्षाची, कशाला वापरायचे हे काकांकडून लिहून घेतोय, आणि ज्या आजी मासळी सुकवायच्या, विकायच्या त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतोय. देवबाग, तारकर्ली, आचरा, वेंगुर्ला, निवती, कुठल्याही किनाऱ्यावरचं असं काही तुमच्या माळ्यावर पडलेलं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला एक मेसेज करा, मी येऊन फोटो काढून जाईन.